तार्नाक्याचा जाडा उंदीर आणि आपल्या घरची शुगर

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गौलीगुड्यातल्या कुठल्याही घरी जा, चहा घेऊन आलेली मुलगी आधी विचारते, "काकू, साखरेचा की बिनसाखरेचा?" पूर्वी बिनसाखरेचे दोन कप ट्रेच्या कोपऱ्यात ठेवलेले असत. आता बिनसाखरेचा ट्रेच वेगळा असतो. आपल्या हैदराबादी मराठीत या आजाराला मधुमेह असे फारसे कोणी म्हणत नाही. "यांना शुगर निघाली" एवढे म्हटले की पुरते, आणि ऐकणाराही "आमच्याकडे पण आहे" म्हणत गोळ्यांची नावे सांगू लागतो.

हे फक्त आपल्या गल्लीतले चित्र नाही. आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, हिच्या आधाराने झालेल्या 'इंडियाब' पाहणीचे देशभराचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. राज्यांमध्ये सर्वांत वरचा क्रमांक गोव्याचा लागला, २६.४ टक्के. म्हणजे गोव्यात चार प्रौढांमागे एकाहून अधिक.

रोग वाढला तसा औषधांचा बाजारही वाढला. वजन आणि साखर दोन्ही उतरवणारी नवी इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात आली, मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी. वेगोवीतल्या सेमाग्लुटाइड या रेणूच्या मुख्य पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच. त्यामुळे स्वस्त पर्याय काढण्यासाठी देशातल्या औषध कंपन्यांनी कंबर कसली आणि त्यांत हैदराबादच्या कंपन्याही आहेत. शिवाय "अमुक पाल्याचा रस उंदरांवर यशस्वी", "तमुक रेणूने उंदरांची साखर उतरली" अशा बातम्या व्हॉट्सअॅपवर येतच असतात.

या बातम्यांत एक शब्द आपण न थांबता वाचून जातो, तो म्हणजे 'उंदरांवर'. कोणते उंदीर? ते कोणी वाढवले? त्यांची साखर कोणी, कशी मोजली? आपल्या ताटाशेजारी ठेवलेली गोळी या मोजणीतून पार होऊन आलेली असते. ही मोजणी प्रत्येक संस्थेने आपापल्या खोलीत करायची की सगळ्यांसाठी मिळून एक चांगली सोय उभी करायची, हा प्रश्न सध्या महत्त्वाचा आहे. आणि तो आपल्या शहराचाच प्रश्न आहे, कारण या कामाचे मोठे ठाणे गौलीगुड्यापासून दहा किलोमीटरच्या आत आहे.

मराठा आहारावरचे उंदीर

कोठी, काचीगुडा, विद्यानगर करत उस्मानिया विद्यापीठावरून तार्नाक्याला जाताना राष्ट्रीय पोषण संस्था लागते. आपण तिला एनआयएन म्हणतो. तिची सुरुवात १९१८ मध्ये तमिळनाडूतल्या कुन्नूर इथे झाली. बेरीबेरी या आजाराच्या चौकशीसाठी रॉबर्ट मॅककॅरिसन या डॉक्टरने एका खोलीत थाटलेली ती प्रयोगशाळा होती. पुढे तिचे नाव न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीज झाले. १९५८ मध्ये ती हैदराबादला आली आणि १९६९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. डॉ. व्ही. एन. पटवर्धन हे मराठी शास्त्रज्ञ या संस्थेचे संचालक होते, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

मॅककॅरिसनचा एक प्रयोग आपल्याला विशेष जवळचा वाटावा असा आहे. १९२० च्या दशकात त्याने उंदरांचे गट केले आणि प्रत्येक गटाला हिंदुस्थानातल्या एकेका समाजाचा आहार दिला. शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी असे ते गट होते. काही महिन्यांनी उंदरांची वजने केली. गहू, दूध, लोणी, डाळ आणि भाज्या खाणारे शीख आहाराचे उंदीर पहिले आले. मराठा आहाराचे उंदीर तिसरे आले. पॉलिश केलेल्या तांदळावर वाढलेले मद्रासी आहाराचे उंदीर सर्वांत मागे राहिले.

त्या काळात प्रश्न कुपोषणाचा होता, म्हणून वजन वाढणे म्हणजे तब्येत सुधारणे असा हिशेब होता आणि तो त्या वेळी बरोबरही होता. आज तोच तराजू घेऊन बसलो तर फसगत होईल. आज उंदीर जाड झाला की शास्त्रज्ञ विचारतो, चरबी कुठे साठली? यकृतात की कातडीखाली? रक्तात इन्सुलिन किती आहे आणि ते काम करते की नाही? याचा अर्थ उंदीर तोच असला तरी काय मोजायचे हे आधी ठरवावे लागते. आणि नीट मोजायचे तर तराजू पुरत नाही.

दोन उंदीर, दोन धडे

त्याच संस्थेच्या उंदीरशाळेत, कुन्नूरच्या काळापासून जपलेल्या विस्टार जातीच्या वंशात, १९९० च्या दशकात एक वेगळाच उंदीर निपजला. तो खा-खा खायचा, हलायचा कमी आणि फुगत जायचा. त्याच्या वंशातले उंदीर एक किलोहून अधिक भरतात. साधा प्रौढ रॅट याच्या निम्म्याहूनही कमी वजनाचा असतो, म्हणजे हा उंदरांमधला हत्तीच. शास्त्रज्ञांनी त्याला डब्ल्यूएनआयएन-ओबी असे नाव दिले. याच घराण्याची आणखी एक शाखा निघाली, जिच्यात लठ्ठपणाबरोबर साखर हाताळण्याची शक्तीही बिघडलेली असते. हे लठ्ठ उंदीर स्वतः प्रजनन करू शकत नाहीत, म्हणून तो दोष वाहणाऱ्या भावंडांकडून वंश चालवावा लागतो. पिढ्यानुपिढ्या नोंदी ठेवून हे काम चालते. असा उंदीर बाजारात विकत मिळत नाही, तो जपावा लागतो.

दुसरी गोष्ट पुण्याची. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षे एक विचित्र गोष्ट दाखवून दिली आहे. भारतीय बाळ जन्मतः लहानखुरे असते, पण त्या लहान अंगात चरबीचे प्रमाण जास्त असते. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा एकच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळच.

हे कशामुळे होते? एक अंदाज असा की आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी काढल्या आणि शरीराने त्याच टंचाईची सवय धरून ठेवली. माणसात हे तपासायचे तर शेकडो वर्षे लागतील. म्हणून डॉ. आनंदवर्धन हर्डीकर, डॉ. याज्ञिक, डॉ. रमेश भोंडे, डॉ. संजीव गलांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदीर वापरले. ५० पिढ्या अर्धपोटी ठेवलेला विस्टार उंदरांचा वंश त्यांनी तपासला आणि निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. हे उंदीर जन्मतः कमी वजनाचे होते, पोटात चरबी अधिक होती, बी-१२ कमी होते आणि इन्सुलिनला त्यांचे शरीर दाद देत नव्हते. स्वादुपिंडावर घाला घालणारे रसायन दिल्यावर त्यांना मधुमेह होण्याचा धोका साध्या उंदरांच्या आठपट निघाला. पुढे दोन पिढ्या पोटभर खायला दिले, तरी बिघाड दुरुस्त झाला नाही.

मराठवाड्यातून, विदर्भातून दुष्काळाच्या झळा सोसून हैदराबादेत येऊन राहिलेल्या घराण्यांना हे वाचून काही आठवेल. अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पण "आमच्या घराण्यात कुणी जाडा नाही, मग शुगर कशी?" या आपल्या नेहमीच्या प्रश्नाचे एक संभाव्य उत्तर या पिंजऱ्यांमधून मिळाले, हे नाकारता येत नाही.

मोजणे एवढे सोपे नाही

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आपण लॅबमध्ये जाऊन उपाशीपोटी रक्त देतो, नाश्ता करून दोन तासांनी पुन्हा देतो. उंदराचे असे होत नाही.

एक तर उंदीर रात्री जागतो आणि दिवसा झोपतो. सकाळी दहाला त्याची चाचणी घेतली म्हणजे आपल्याला मध्यरात्री उठवून साखर तपासल्यासारखे झाले. माऊस जातीचा छोटा उंदीर रात्रभर उपाशी ठेवला तर त्याचे वजन दहा-पंधरा टक्क्यांनी उतरू शकते. आपल्या एका एकादशीशी त्याची तुलना होत नाही. दुसरे म्हणजे थंडी. प्रयोगशाळेची खोली साधारण २० ते २२ अंशांवर ठेवतात. तिथे काम करणाऱ्या माणसाला ते बरे वाटते, पण छोट्या उंदराला आराम वाटतो तो ३० अंशांच्या आसपास. गार खोलीत तो ऊब टिकवण्यासाठीच इतके अन्न जाळतो की लठ्ठपणाचा प्रयोग भलतेच उत्तर देतो.

मग चारा. लठ्ठपणाच्या प्रयोगांत जगभर जे खाद्य वापरले जाते, त्यातली साठ टक्के ऊर्जा चरबीतून, बहुधा डुकराच्या चरबीतून येते. आपले ताट तसे नसते. भात, पोळी, साबुदाणा, गोड चहा हा आपला भार. आयात केलेल्या खाद्यावर लठ्ठ झालेला उंदीर आपल्या घरच्या शुगरबद्दल कितपत सांगेल, हा रास्त प्रश्न आहे. शिवाय मादीपेक्षा नर उंदीर लवकर बिघडतो, म्हणून वर्षानुवर्षे बहुतेक प्रयोग नरांवरच झाले. आपल्या घरांमध्ये शुगर मात्र काका आणि काकू दोघांनाही आहे.

यावर उपाय म्हणजे चांगली साधने आणि त्यात मुरलेली माणसे. एक बंद पिंजरा असतो, ज्यात उंदराने किती प्राणवायू घेतला आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडला हे अहोरात्र मोजले जाते. त्यावरून तो चरबी जाळतो की साखर हे कळते. एक छोटे चुंबकीय यंत्र असते, ज्यात जिवंत उंदीर दोन-चार मिनिटे ठेवला की त्याच्या अंगात चरबी किती आणि मांस किती ते समजते. आणि सर्वांत अवघड चाचणी म्हणजे 'क्लॅम्प'. उंदराच्या रक्तवाहिनीत बारीक नळी बसवायची, तो शस्त्रक्रियेतून सावरला की ठरावीक वेगाने इन्सुलिन सोडायचे आणि रक्तातली साखर एका पातळीवर टिकेल एवढे ग्लुकोज सोडत राहायचे. जेवढे जास्त ग्लुकोज लागेल, तेवढे त्याचे शरीर इन्सुलिनला अधिक दाद देते. इन्सुलिनच्या परिणामाचे याहून भरवशाचे माप नाही. पण ज्याचा हात बसलेला नाही त्याच्याकडून उंदीर मरतो आणि उत्तरही चुकते.

मंडळाची पातेली

गणेशोत्सवात महाप्रसाद करायचा तर पन्नास लिटरचे पातेले लागते. ते प्रत्येक घरी कोणी घेऊन ठेवत नाही. मंडळाच्या खोलीत ती पातेली, झारे आणि सतरंज्या असतात. ज्याच्या घरी कार्य, तो वहीत नाव लिहून घेऊन जातो, नाममात्र भाडे देतो आणि घासूनपुसून परत आणतो. आणखी एक गोष्ट, त्या पातेल्यात किती तांदूळ टाकले की किती पाने उठतात, हे पक्के ठाऊक असलेला एखादा आचारीही मंडळाला माहीत असतो.

सामायिक प्रयोगशाळा सेवा म्हणजे याहून वेगळे काही नाही. अमेरिकेत सरकारी आरोग्य संस्थेने २००१ मध्ये उंदरांच्या चयापचयाची तपासणी करणारी केंद्रे काही निवडक विद्यापीठांत उभी केली. देशातला कोणताही संशोधक आपले उंदीर तिथे पाठवू शकतो, ठरलेले शुल्क भरतो आणि त्याला क्लॅम्पपासून चरबीच्या मोजणीपर्यंत सगळी उत्तरे एकाच पद्धतीने मिळतात. त्याच काळात जर्मनीत म्युनिकजवळ 'माऊस क्लिनिक' उभे राहिले. तिथे एकेका उंदराची डोळ्यांपासून हाडांपर्यंत पूर्ण तपासणी होते.

याचे तीन फायदे आहेत. पहिला पैशाचा. महागडे यंत्र एका विभागात वर्षातून दोन महिने चालते आणि उरलेला काळ धूळ खात पडते, हे आपल्याकडे नवे नाही. दुसरा विश्वासाचा. दहा प्रयोगशाळांनी दहा तऱ्हेने उपाशी ठेवून मोजलेली साखर एकमेकींशी ताडून पाहता येत नाही. एकाच हाताने, एकाच घड्याळाने मोजली तर येते. तिसरा फायदा उंदरांच्या जिवाचा, त्याबद्दल पुढे बोलू.

तोटेही आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. एकच केंद्र असले की रांग लागते. जिवंत उंदीर लांब पाठवायचे तर प्रवासाचा ताण त्यांच्या रक्तात उतरतो, शिवाय एका ठिकाणचा संसर्ग दुसरीकडे पोहोचू शकतो. मोठ्या संस्थेच्या माणसाचे काम आधी आणि लहान कॉलेजच्या विद्यार्थ्याचे नंतर, असाही प्रकार होऊ शकतो. म्हणून दरपत्रक आणि रांग दोन्ही उघड्यावर हवीत.

हैदराबादी औषधाचा धडा

हे सगळे पुस्तकी वाटत असेल तर आपल्याच शहरातली एक गोष्ट आठवू. १९९० च्या दशकात डॉ. रेड्डीज या हैदराबादच्या कंपनीच्या संशोधन विभागाने मधुमेहावर स्वतःचे रेणू शोधले. १९९७ मध्ये बालाग्लिटाझोन आणि १९९८ मध्ये रागाग्लिटाझार हे रेणू डेन्मार्कच्या नोवो नॉर्डिस्क कंपनीने परवान्यावर घेतले. भारतात शोधलेले औषध परदेशी कंपनीने विकत घ्यावे ही त्या काळी मोठी बातमी होती. रागाग्लिटाझार माणसांवरच्या शेवटच्या टप्प्याच्या चाचण्यांपर्यंत पोहोचले. आणि २००२ मध्ये सगळे थांबले, कारण दीर्घकाळ औषध दिलेल्या उंदरांच्या मूत्राशयात गाठी आढळल्या.

या घटनेकडे दोन बाजूंनी पाहता येते. एक बाजू म्हणते, उंदरांनी आपल्याला वाचवले. दुसरी म्हणते, उंदराच्या लघवीची घडणच माणसापेक्षा वेगळी. याच कुळातल्या दुसऱ्या एका औषधाच्या बाबतीत उंदरांच्या गाठी लघवीत बनणाऱ्या खड्यांमुळे होतात असे पुढे दिसून आले. मग कदाचित एक चांगले औषध वाया गेले? त्या क्षणी निर्णय घेणाऱ्याला याचे उत्तर मिळत नाही, त्याला सावधगिरीच धरावी लागते. पण हा धोका लाखो रुपये खर्चाच्या पायरीवर कळणे वेगळे आणि माणसांवर शेकडो कोटी खर्चून झाल्यावर कळणे वेगळे.

अशा गोष्टींचे पडसाद आपल्या घरातही उमटतात. पायोग्लिटाझोन ही गोळी आपल्याकडे अनेकजण घेतात. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेमुळे जून २०१३ मध्ये केंद्र सरकारने तिच्यावर बंदी घातली आणि जुलैअखेर ती उठवली, फक्त वेष्टनावर इशारा आला. त्या दीड महिन्यात रोजची गोळी बंद करायची की चालू ठेवायची, या प्रश्नाने किती घरांत काळजी पसरली असेल! आजच्या सेमाग्लुटाइड इंजेक्शनच्या माहितीपत्रकातही उंदरांमध्ये दिसलेल्या थायरॉइडच्या गाठींचा उल्लेख असतो. माणसात तसे होते की नाही हे ठरलेले नाही, पण ज्यांच्या घराण्यात थायरॉइडच्या विशिष्ट कर्करोगाचा इतिहास आहे त्यांनी ते घेऊ नये, असे तिथे लिहिलेले असते. म्हणून पिंजऱ्यातल्या मोजणीचा दर्जा हा फक्त शास्त्रज्ञांचा विषय नाही.

आपल्या शहरात काय आहे, काय हवे

हैदराबादकडे साहित्य भरपूर आहे. एनआयएनच्या आवारात प्रयोगप्राण्यांचे राष्ट्रीय केंद्र आहे. त्याचा जन्म १९५७ मध्ये मुंबईत झाला, १९७६ मध्ये ते हैदराबादला आले आणि देशभरच्या संस्थांना प्राणी, खाद्य आणि प्रशिक्षण देत आले. जवळच हब्सीगुड्याला सीसीएमबी आहे, आयआयसीटी आहे. शहराबाहेर जिनोम व्हॅलीत आयसीएमआरची प्राणी संशोधनाची मोठी राष्ट्रीय सुविधा आहे. तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१५ मध्ये सुमारे ३३८ कोटी रुपयांची मंजुरी दिली होती. पुण्यात आयसर संस्थेत जनुकांच्या कार्याचा अभ्यास करणारी राष्ट्रीय सुविधा आहे, तीही बाहेरच्यांसाठी खुली.

सरकारचे धोरणही याच दिशेचे आहे. जानेवारी २०२० मध्ये 'आय-स्टेम' हे पोर्टल सुरू झाले. कोणत्या संस्थेत कोणते यंत्र आहे आणि ते बाहेरच्याला कसे मिळेल, याची ती सूची आहे. २०२२ मध्ये सामायिक साधनांबाबत 'श्रीमान' नावाची मार्गदर्शक तत्त्वे आली.

पण यंत्रांची यादी म्हणजे सेवा नव्हे. पातेले आहे, पण आचारी नाही, असे होऊन चालत नाही. माझ्या मते पुढच्या काही वर्षांत चार गोष्टींवर लक्ष ठेवायला हवे. एक, उंदीर, खाद्य, मोजणी आणि आकडेवारीचा अर्थ हे सगळे एका छताखाली मिळते का. दोन, लहान कॉलेज, नवी कंपनी आणि मोठी संस्था यांना एकाच उघड्या दरपत्रकाने सेवा मिळते का. तीन, आपल्या ताटाच्या जवळचे, पिष्टमय खाद्य आणि मादी उंदीर प्रयोगात येतात का. चार, ही यंत्रे चालवणारे तंत्रज्ञ कायमच्या नोकरीत आहेत की प्रकल्प संपला की घरी जातात. यंत्र पाच-दहा वर्षांत जुने होते, पण क्लॅम्पवर बसलेला हात तयार व्हायला काही वर्षे जातात आणि तो एका दिवसात गमावता येतो.

जिवाचा हिशेब

हे लिहिताना एक अडचण मनात आहेच. भाद्रपदात आपण मूषकाला मोदक ठेवतो आणि तार्नाक्याला त्याच्याच भाऊबंदांना टोचतो. आपल्या घरातली मुले हा प्रश्न विचारतात आणि तो टाळू नये.

कायदा काय सांगतो ते आधी पाहू. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली प्राणिप्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती आहे आणि १९९८ चे नियम आहेत. प्रत्येक संस्थेत नीतिसमिती असावी लागते, तिच्यात केंद्रीय समितीचा बाहेरचा प्रतिनिधी असतो आणि तिच्या मंजुरीवाचून प्रयोग करता येत नाही. जगभर मान्य झालेली तीन सूत्रे रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्येच मांडली. शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरे काही वापरा, वापरायचेच तर कमीत कमी वापरा आणि वापराल त्यांना कमीत कमी त्रास द्या.

सामायिक सेवेचा तिसरा फायदा इथे येतो. चुंबकीय यंत्र असेल तर तोच उंदीर दर महिन्याला मोजता येतो. यंत्र नसेल तर दर महिन्याला काही उंदीर मारून आतली चरबी पाहावी लागते. सराईत हाताने केलेली शस्त्रक्रिया वाया जात नाही. आणि नीट मोजलेला प्रयोग दुसऱ्याला पुन्हा करावा लागत नाही. प्राण्याचा जीव सर्वांत व्यर्थ जातो तो चुकीच्या मोजणीत, कारण त्यातून कोणाचाच फायदा होत नाही.

उंदराला बगल देण्याचे प्रयत्नही वेगाने चालले आहेत. मार्च २०२३ मध्ये भारताने नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून, प्राण्यांऐवजी माणसाच्या पेशींपासून बनवलेल्या सूक्ष्म अवयवांवर किंवा संगणकावर केलेल्या चाचण्यांनाही वाट मोकळी केली. अमेरिकेनेही २०२२ च्या अखेरीस तसा कायदा केला. सीसीएमबीशी जोडलेल्या केंद्रात हैदराबादेतच अशा मानवी प्रतिकृतींवर काम झाले आहे. तरीही मधुमेहात उंदीर लगेच हद्दपार होईल असे दिसत नाही. भूक, यकृत, स्वादुपिंड, स्नायू, चरबी आणि मेंदू यांचे आपसातले संभाषण म्हणजे मधुमेह, आणि एवढे सगळे एका काचेच्या पट्टीवर अजून बसलेले नाही. तोवर जे उंदीर वापरले जातात ते कमी असावेत आणि नीट वापरले जावेत, हीच प्रामाणिक भूमिका.

बातमी वाचताना

शेवटी रोजच्या उपयोगाचे. "उंदरांवर यशस्वी" असे वाचले की स्वतःला तीन प्रश्न विचारा. उंदराला शुगर झाली कशी? रसायन टोचून स्वादुपिंड मारले असेल तर ते लहान मुलांमध्ये अचानक होणाऱ्या मधुमेहाच्या जवळचे, काका-काकूंच्या शुगरच्या नव्हे. मोजले काय? फक्त वजन आणि उपाशीपोटीची साखर, की इन्सुलिनचे कामही? आणि हाच निकाल दुसऱ्या प्रयोगशाळेत आला का? ही तीन उत्तरे नसतील तर तो मेसेज पुढे पाठवू नका आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी तर मुळीच सोडू नका.

आपली मुले जीवशास्त्र घेऊन बारावी होतात आणि घरात एकच वाक्य ऐकू येते, एमबीबीएस नाही मिळाले तर काय? त्यांना हेही सांगायला हवे की पशुवैद्यक, प्रयोगप्राणी तंत्रज्ञान, जैवसांख्यिकी यांत मन लावून काम करणाऱ्या माणसांची आपल्याच शहरात गरज आहे. तार्नाक्याच्या त्या संस्थेत एकेकाळी एक पटवर्धन संचालक होते, पुण्याच्या संशोधनात हर्डीकर, याज्ञिक, भोंडे, गलांडे आहेत. हे काम परक्याचे नाही.

त्याच संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी १७ आहारसूत्रे प्रसिद्ध केली. त्यांत साखर-मीठ कमी, भाज्या-डाळी जास्त आणि रोज हालचाल हेच आहे. त्यासाठी कोणत्याही उंदराचा जीव लागत नाही. पुढच्या संक्रांतीला बिनसाखरेचा ट्रे उचलताना एवढे जरी आठवले तरी पुरे.